खारबेटचं गाऱ्हाणं

मी आवाज विकते. साबणापासून बँकेपर्यंत कुणाचाही माल माझ्या तोंडून गोड लागतो. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका न्यूजरीलला मराठी आवाज द्यायचाय, असा दादरच्या स्टुडिओतून फोन आला तेव्हा मी विषयसुद्धा विचारला नव्हता.

पडद्यावर नाव आलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. खारबेट! मालवणच्या बाजूच्या बेटावरचं आमचं गाव. लढाईत सरकारला तिथे विमानांचा तळ हवा होता म्हणून अख्खी वाडी उठवली, आणि माझे आजोबा बायकामुलांना घेऊन लालबागच्या चाळीत आले. ते गाव मी कधी पाहिलंच नव्हतं. आता समोर बायका काथ्यासाठी नारळाची सोडणं बडवत होत्या, पुरुष सुंभ वळत होते, पोरं होडीवरून पाण्यात उड्या टाकत होती. मग रोलर आले, माडांच्या जागी धावपट्टी आली, विमानं आली. चित्रणाला स्वतःचा आवाज नव्हता. वरून कुणा साहेबाचं इंग्रजी निवेदन चिकटवलेलं. शेवटी एक उघडा, काटक माणूस हातात नारळ घेऊन उभा, मागे सगळा गाव. नाक थेट आमच्या आप्पांचं, माझ्या वडिलांचं. ते माझे आजोबा होते.

हातातल्या मराठी स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, 'कृतज्ञ बेटवासी खुशीने आपल्या भूमीचा निरोप घेतात आणि विमानांना आशीर्वाद देतात.'

माझं डोकंच फिरलं. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल, हे गाऱ्हाणं आहे. संकट आलं की गावाचा मानकरी नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो, मोठ्याने आपलं म्हणणं मांडतो, आणि दर वाक्याला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. आशीर्वाद कसले डोंबलाचे!

"सुचित्राताई, मूळ कॉमेंट्री तशीच आहे," ज्या प्रदर्शनात ही फिल्म दाखवणार होते, ते भरवणारा हर्षवर्धन म्हणाला. "आपण हिस्टरी कशी बदलणार?"

"हिस्टरी सांगितली कुणी? ज्यानं घर पाडलं त्यानंच ना?"

"इमोशनल नका ना होऊ, प्लीज. परवा ओपनिंग आहे."

मी भांड भांड भांडले. अखेर 'कृतज्ञ' गेलं, 'आशीर्वाद' गेले, 'खुशीने'च्या जागी 'शांतपणे' आलं. 'बेटवासी शांतपणे आपल्या भूमीचा निरोप घेतात.' तेवढं बोलून मी गड सर केल्याच्या थाटात घरी आले.

आप्पा नव्वदीला टेकलेत. बेट सुटलं तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे परळच्या गिरणीतूनही त्यांना उठवलं, आणि त्याच गिरणीच्या जागेवर आता काचेचं आर्ट सेंटर आहे. हे प्रदर्शनही तिथेच. माणसाला एका आयुष्यात दोनदा हाकलायचं आणि वर त्याचंच गाव तिकीट लावून दाखवायचं, याला काय म्हणायचं? पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसे आमचे आप्पा.

मी स्टुडिओतून आणलेली फिल्म टीव्हीवर लावली. आप्पा खुर्ची ओढून पडद्याला चिकटले. "ती बघ, ती बघ शांतामावशी! सोडणा बडवता!" टाळ्या पिटत होते. मग आजोबा आले, आणि मागून माझा घोटून गोड केलेला आवाज.

आप्पा हसायचे थांबले. "ह्यो आवाज तुझो?"

"हो."

"शांतपणे?"

"आप्पा, आधी 'खुशीने' होतं. मी भांडून बदलून घेतलं."

"फिलमात आवाज नाय, म्हणान माझो बापूस गप होतो काय गो?" आप्पा काठी टेकत उठले. "बोंब मारी होतो तो! त्या साहेबान खोटा सांगल्यान, पण इंग्रजीत. आमका कळलाच नाय. आता तू ता आमच्याच लोकांका, आमच्याच भाषेत सांगतलंस?"

एका शब्दावर खूश होऊन मी घरी आले होते, त्याचा मला असा संताप आला की कानशिलं तापली.

"काय म्हणत होते आजोबा? आठवतं तुम्हाला?"

"इसारतलंय कसो? मरेपर्यंत दर गणपतीत ताच गाऱ्हाणा घाली."

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि तो भाग पुन्हा लावला. आप्पांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! जे कोण आमका हयसून उठवतत, तेंका खयच सुखान बसाक देऊ नको, रे म्हाराजा!"

ओठांवर शब्द बसवणं हा माझा धंदा. आजोबांचे ओठ आप्पांच्या शब्दाशब्दाला उघडत होते, मिटत होते. 'म्हाराजा'ला मागच्या सगळ्या माना एकदम हलल्या. मी फोन उचलला.

"हर्षवर्धन, त्या जागचा माझा आवाज पुसा. उद्या आप्पांना स्टुडिओत आणतेय, ते बोलतील."

"ताई, असं कसं? स्क्रिप्ट अप्रूव्ह झालीय."

"आजोबांची स्क्रिप्ट त्याच्या आधीची आहे."

"नाही जमणार, सॉरी."

"ठीक आहे. मग ओपनिंगला आप्पा पहिल्या रांगेत बसतील," मी म्हणाले. "आणि त्यांना माईक लागत नाही."