खुंटीवरचं नाव

प्रौढ शिक्षणाची पुस्तकं बघितली की माझं डोकं फिरतं. पहिल्याच पानावर कमळ. घाटकोपरच्या आधारगृहात राहणाऱ्या सुंदराबाईला कमळ काय कामाचं? जालन्याकडची बाई, नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेली. आधारगृहातली तिची मुदत महिनाअखेर संपत होती. नाहूरच्या एका पाळणाघरात मदतनिसाची जागा होती, मागच्या बाजूला राहायच्या खोलीसकट. अट एकच, मुलांची नावं वाचता यायला हवीत. तिथं डबा, औषध, कपडे, सगळं ज्याच्या त्याच्या नावाच्या खुंटीला असतं.

किरण तिची सामाजिक कार्यकर्ती आणि मी शिकवणारी. दोघींनी बसून ठरवलं, कमळ-बिमळ गेलं उडत, बाईला लागेल तेवढंच शिकवायचं. मग त्या मुलांच्या नावांवरूनच अक्षरं घ्यायची कल्पना मला सुचली. झकास होती, आजही म्हणते.

बाई भराभर शिकली. रुचिरा, सौरभ, अक्षता. 'प्रीतम' आलं की मात्र गप्प. मान खाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. मला वाटलं जोडाक्षर अडतंय. मग काय, प्रकाश, प्रवास, प्रसाद, नुसता भडिमार केला. ते सगळं तिनं वाचलं. प्रीतम नाही म्हणजे नाही.

"किरण, वाट लागली गं. ही तिथं जाऊन नेमकी 'प्रीतम'वरच अडणार."

नाव ऐकून किरणनं कपाळावर हात मारला. "अगं, तिच्या नवऱ्याचं नाव आहे ते!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तिच्या केसमधलं तुला कसं सांगू? आत्ता सांगतेय तेही चूकच. आणि तू तरी कुठली नावं शिकवतेस ते मला कधी बोललीस?"

मी तडक सुंदराबाईसमोर. "त्यानं तुम्हाला रस्त्यावर आणलं, आणि तुम्ही अजून त्याचा मान राखता?"

तिनं वर बघितलं. "मान कसला, बाई? मुडद्याचं नाव तोंडात आलं की घास उतरत नाही मला."

मला माझीच लाज वाटली. "बरं, ते नाव वगळू आपण."

"आणि त्या पोराला खुंटी नको का?" ती म्हणाली.

नावं वाचून दाखवायच्या दिवशी आम्ही तिघी नाहूरला गेलो. पाळणाघराच्या शांताबाई एकेका नावावर बोट ठेवत होत्या आणि सुंदराबाई वाचत होती. शेवटच्या खुंटीशी ती थांबली.

"हे राहिलं," शांताबाई म्हणाल्या.

किरण पंख्याकडे बघत राहिली. गेली खोली, मी मनात म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही, कोणावर ते कळत नव्हतं.

तेवढ्यात एक कुरळ्या केसांचं पोरगं येऊन त्या खुंटीखाली उभं राहिलं. चड्डी घसरलेली. दोन्ही हात वर करून म्हणालं, "माझी बाटली."

सुंदराबाईनं बाटली काढली. त्याची चड्डी वर केली. मग खुंटीवरच्या नावाकडे बघितलं, पोराकडे बघितलं.

"प्रीतम," ती म्हणाली. आवाज फुटला तिचा.

"ओ," पोरगं म्हणालं आणि तिच्या पायांना टेकलं.

शांताबाईंनी खोलीची किल्ली पुढे केली. सुंदराबाईचं लक्षच नव्हतं. तिनं परत हाक मारली, "प्रीतम."

तो परत ओ म्हणाला, आणि हसला.