पदकाला कुंकू, मला गंज

मी खुरपं बोलतोय. अंजनाबाईंचं. आणि आधीच सांगतो, माझं मन साफ नाही. बाहेरच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक पदक आहे, त्याच्यावर मी पन्नास वर्षं जळतोय.

बासष्ट साली फलटणच्या बाजारात एका लोहारानं मला घडवलं. अंजनाचा नवरा कृष्णात पलटणीत होता. रजा संपवून निघताना त्यानं मला तिच्या हातात दिलं. "मी येस्तवर रान सांभाळ," म्हणाला. तिनं सांभाळलं. पासष्टच्या लढाईहून तो धडधाकट परत आला. सदुसष्टला कोयनेचा भूकंप झाला, घराच्या भिंतीला भेग गेली, तरी दुसऱ्या दिवशी ही बाई मला घेऊन शेतात हजर!

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही गहू खुरपत होतो. बांधावर तार आली. शाळेतल्या गुरुजींनी ती वाचली. कृष्णात लढाईत कामी आला होता. अंजना उठली नाही. धरलेली पात, आपल्या वाट्याची ओळ, तिनं शेवटापर्यंत खुरपली आणि मग हंबरडा फोडला. खुरपता खुरपता मी निसटलो नि माझ्या पात्यानं तिचं बोट कापलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. कृष्णातच्या शौर्याचं पदक आलं नंतर, मखमलीच्या डबीत बसून. त्या दिवशी तिच्या हातात मी होतो की नाही?

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. मग लहानग्या लेकाची, नानासोची शाळा, त्याचं लग्न, नातवंडं. सगळं आम्ही दोघांनी ओढलं. माझी मूठ तीनदा बदलली. कोरोनात बायका कामाला येईनात, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेली अंजना पुन्हा मला घेऊन वाफ्यात बसली.

पण खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची वेळ आली, की पहिलं कुंकू पदकाला! अंजना लांब बसून बघायची. तार आली त्या दिवसापासून तिनं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता.

पुढे तणनाशकाचा पंप आला आणि मी गोठ्यात गंजलो. यंदा तर नातू राजवर्धननं मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. दसरा झाला की भंगारवाला येणार होता. पोत्याच्या भोकातून मी बघत होतो. पाटावर पदक, ट्रॅक्टरची किल्ली, लॅपटॉप. नातसून उत्कर्षानं पदकाला कुंकू लावलं. माझा नुसता जळफळाट झाला.

अंजनाला आता नीट दिसत नाही. तिनं पाटावर हात फिरवला.

"माझं हत्यार कुठं हाय गं?"

"आजी, पदक ठेवलंय की पुढं."

"त्ये ह्यांचं. मी माझं इचारती."

राजवर्धन खाली मान घालून उठला आणि त्यानं मला पोत्यातून काढलं. अंजनानं माझी मूठ चाचपली. मग करंडा जवळ ओढला आणि त्याच कापल्या बोटानं माझ्या गंजलेल्या पात्यावर कुंकू लावलं.

पदकाला उत्कर्षानं लावलं होतं. मला तिनं.

आता पूजा आटोपली आहे, पदक काचेत गेलं आहे. ती मात्र मला हातातून पाटावर ठेवायचं विसरली आहे. तिला कुणी आठवण करू नका.