विहिरीमागचा भुईचाफा

गास गावच्या विद्याधरने माघात वाडीसाठी पॉवर टिलर घेतला. कुदळ मारून मारून त्याच्या बायकोची, मंदाची, कंबर धरायची. तिला आराम मिळावा म्हणून हौसेने घेतला. ती माणिकपूरला दातांच्या डॉक्टरकडे गेली, तेवढ्यात त्याने केळींच्या ओळी उरकल्या आणि विहिरीमागचा मोकळा कोपराही दोनदा मशीन फिरवून भुसभुशीत केला.

मंदा परतली ती त्या कोपऱ्याशी थबकली.

"इथेही फिरवलंत?"

"तिथे काही नव्हतंच. नुसती माती."

"खाली भुईचाफा होता हो. आईचा."

थंडीत त्याचं पानही दिसत नाही, चैत्रात फुलं थेट मातीतून वर येतात, हे तिने कितीदा सांगितलं होतं. विद्याधर दरवेळी नुसतं 'हं' म्हणाला होता. तिच्या माहेरच्या वाडीत इमारत उभी राहण्याआधी आईने ते कंद पदरात बांधून आणून दिले होते. आता आई नव्हती, ती वाडीही नव्हती.

विद्याधरने गुडघ्यांवर बसून माती चिवडली. कंदांचे कापलेले तुकडे सापडले, त्यांना राख चोळून त्याने कुंडीत लावलं आणि रोज पाणी घातलं. जरा जास्तच घातलं. सगळे कुजले.

पुढे त्या कोपऱ्यात वांगी लावताना मंदा म्हणाली, "मला राग नाही आला. माझ्यासाठीच केलंत ना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं विद्याधरला वाटलं. तो खाली मान घालून तिच्या हातात एकेक रोप देत राहिला.