अंगठ्याचं वजन

तामलवाडीच्या आबारावांच्या आयुष्यात एकच मेडिकल झाली होती, पोलीस भरतीची. केळी हाणून, वर तांब्याभर पाणी ढोसून गडी काट्यावर चढला, तरी वजन कमीच भरलं आणि वर्दी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून मेडिकल म्हणजे वजन वाढवायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आता त्यांचा पोरगा सुगत प्रवासी विमान चालवायचा. दरसाल मेडिकल पास झाली तरच सर्टिफिकेट चालू, नाहीतर घरी बसा. गेल्या खेपेला डॉक्टरबाईंनी त्याला वजन उतरवायला बजावलं होतं. म्हणून पोरगं सुट्टीला आलं ते काकड्या खात बसलं. आईनं, पुतळाबाईंनी, केलेल्या शेंगाच्या पोळीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. आबाराव ताट पुढं सरकवत राहिले.

"आबा, माझं वजन लई हाय. कमी करायचंय," सुगत सांगून थकला.

"तुला काय कळतंय. म्या भरती बघितलीया."

तपासणीला पुण्याला ते हट्टानं सोबत गेले. सुगत बूट काढून काट्यावर उभा राहिला. त्याचा कोट धरून आबाराव मागं. बाईंचं लक्ष आकड्याकडं होतं. आबारावांनी हळूच पायाचा अंगठा काट्यावर टेकवला. आकडा वर सरकला आणि बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. अजून कमी पडतंय वाटतं, असं समजून आबारावांनी अख्खं पाऊल दाबलं.

"कॅप्टन, हे तर फारच वाढलंय. अनफिट लिहावं लागेल."

सुगतचा चेहरा खर्रकन उतरला. एवढ्या काकड्या पाण्यात गेल्या म्हणून त्याचे डोळे भरून आले. ते बघून आबारावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, लिहू नका," ते खाली मान घालून म्हणाले. "त्यातलं थोडं माझं हाय."

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग आबारावांना दारापाशी उभं करून पुन्हा वजन झालं. सुगत पास.

"आलोच हाय तर मलाबी तोला," आबाराव म्हणाले आणि काट्यावर चढले. भरतीला लागायचा तो आकडा आजही तसाच दोन पावलं पुढं होता. ते उतरणार, तेवढ्यात आकडा हलला, चढत चढत नेमका तिथं जाऊन थांबला.

मानेमागं सुगतचा श्वास लागत होता. आबारावांनी वळून बघितलं नाही.

"लिहा बाई," ते म्हणाले. "बसलो भरतीत."