बाराव्या अक्षरापर्यंत

तिसऱ्यांदा दादा त्याच ठिकाणी अडकला. "तुला सांगतो मी, बाळा..." इथवर आला आणि समोरच्या दाराकडे बघत नुसता उभा राहिला.

"कट. पाच मिनिटं," दिग्दर्शक म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. कोपऱ्यात कपडेपटवाल्या काकू दादाचा दुसरा कोट उसवत होत्या.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"दुसरे कुणी येताहेत म्हणे. अंगाने जरा भरलेले," एवढं बोलून त्यांनी सुई दातात धरली.

दादा माझा थोरला भाऊ, चाळीस वर्षं नट. हल्ली सकाळची गोळी घेतली की नाही ते त्याला आठवत नाही, पण शाळेत पाठ केलेले श्लोक घडाघडा म्हणतो. म्हणून या सिनेमातले त्याचे सगळे संवाद मी गुपचूप त्याच चालीत लिहिले. कागदावर मात्र गद्यासारखे सलग, कुणाला संशय नको. त्या चालीला भुजंगप्रयात म्हणतात हे मला रद्दीतल्या एका पुस्तकाने सांगितलं. एक लघु, दोन गुरू, असं चारदा. बारा अक्षरं. दहा दिवसांत दादाचा एक शब्द चुकला नव्हता.

मग आजच काय झालं? पान उघडून मी मांडीवर बोटं आपटत मोजायला लागले. तु-ला-सां, ग-तो-मी, न-को-दा, र-ला-वू. माझ्या ओळीत 'बाळा' नव्हताच.

"हा बाळा कुणी घातला?"

"मी," दिग्दर्शक म्हणाला. "बाप फार कोरडा वाटत होता, ताई. तो शब्द राहणार."

खरं सांगावं तर दादाचं बिंग फुटणार. न सांगावं तर कोट दुसऱ्याच्या अंगात जाणार. मी उठले, बसले, परत उठले. कुणाचा तरी गार झालेला चहा पिऊन टाकला. दोन गुरूंचा हा बाळा बसवायचा कुठे? शेवटी पेन्सिलीने लिहिलं, 'नको दार, बाळा, असं आज लावू.' न-को-दा, र-बा-ळा, अ-सं-आ, ज-ला-वू. दादाच्या कानाशी दोनदा म्हटलं.

कॅमेरा सुरू झाला. दादाने ते एका दमात म्हटलं. मुलीचं काम करणाऱ्या पोरीचा हात कडीवरच राहिला.

दिग्दर्शक माझ्याजवळ आला. माझ्यासारखीच त्याची बोटंही अजून अक्षरं मोजत होती.

"बारा?"

मी मान डोलावली.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

तो काकूंकडे वळला. "तो कोट होता तसा शिवून टाका." मग मला म्हणाला, "यापुढे शब्द घालायचा झाला तर आधी तुम्हाला विचारीन."

दादा खुर्चीत रेलला होता. "मी चुकत नव्हतो गं. ओळ लंगडत होती. भुजंगप्रयात ना? मला काय खुळा समजतेस?"

"नाही रे."

"मग झालं तर." त्याने कोटाचं बटण लावलं. "आपला शॉट कधी आहे?"

"झाला, दादा."

"बरा झाला?"

"एका दमात," मी म्हटलं, आणि उद्याची पानं पहिल्या ओळीपासून पुन्हा मोजायला घेतली.