गोवर आणि गोधडी

"गोधडी काढू नका, बाई. वारं लागलं की गोवर आत बसते."

पातूरकडची मनकर्णा गोधडी दोन्ही हातांनी धरून खाटेवर बसली होती. गोधडीत तिचा दोन वर्षांचा सूर्यभान तापाने भाजून निघत होता. सिंधू अकोल्याच्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात नुकतीच नर्स म्हणून लागली होती आणि शिकलेलं सगळं तिला अजून तोंडपाठ होतं. गोवराच्या पोराला मोकळं ठेवा, कोमट पाण्याने अंग पुसा, पाणी पाजत राहा, श्वासाकडे लक्ष ठेवा.

"आत कुठे जाणार तो? अंग पुसलं की पोराला बरं वाटेल," म्हणत तिने गोधडी ओढून घेतली. शिकलेल्या माणसाने विचारत बसायचं नसतं, असा तिचा तेव्हा समज होता.

ताप कमी झाला. पोर हसलंसुद्धा. सकाळी अंगावरचं पुरळ फिकं पडलं तशी सिंधू खूश झाली आणि मनकर्णाचं तोंड उतरलं.

"दाने कुठं गेले, बाई?"

"बरं होताना जातातच ते."

दुपारी सूर्यभानच्या नाकपुड्या फुलायला लागल्या. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. सिंधूने धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. पेनिसिलिन दिलं, ऑक्सिजन लावला. दिवेलागणीला पोर गेलं.

"न्यूमोनिया. गोवराच्या पाठोपाठ येतो. अंग पुसण्याचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले.

हे सिंधूलाही ठाऊक होतं. पण अमरावतीला लहानपणी तिला गोवर आला, तेव्हा आईने तिला असंच गुंडाळून ठेवलं होतं. घरात फोडणीसुद्धा घातली नव्हती. आणि ती जगली होती. मग खरं कोण, आई की पुस्तक? विचार करकरून डोक्याचा नुसता भुगा झाला. रडू येत होतं, पण आपण चुकलो म्हणून की पोर गेलं म्हणून, तेही कळेना.

मनकर्णा शिव्या देईल म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली.

"माह्यं चुकलं का, बाई?" मनकर्णानेच विचारलं. "पहिलेच आनाले पायजे होतं का मी त्याले? का गोधडी सोडाले नको होती?"

"तुमचं काही चुकलं नाही."

"मंग कोनाचं?"



मनकर्णाचा नवरा जानराव बैलगाडी दाराशी घेऊन आला. मनकर्णाने गोधडी खाटेवर पसरली, पोराला तिच्यात ठेवलं आणि हात आवरून सिंधूकडे पाहिलं.

"आता गुंडाळू का, बाई?"

सिंधूने मान डोलावली. मनकर्णाने एक बाजू घेतली, मग दुसरी. पायाकडचा भाग उघडाच राहत होता. सिंधू वाकली आणि तिने तो नीट आत खोचला.