गार नळाचे दिवस

“ही खिडकी उघडू नको, बाय,” खतिजाखाला म्हणाल्या, तोवर मधुराने चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवलंही होतं.

उन्हाळ्यात धूळ आत येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींवर लावलेली खाकी पट्टी उन्हाने काचेशी एकजीव झाली होती. मधुराने ती ओढली. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली.

“का हो खाला? आता तर हवा किती छान आहे.”

“हवा छानच हाय. पण ही खिडकी मधल्या डक्टात उघडते, सगळ्यांच्या खिडक्या तिकडंच. उन्हाळाभर एसीच्या घरघरीत कुणाचं कुणाला कळत नाय. आता एकेक एसी बंद होईल, मग लोकांचे संसार कानावर येतील. आणि एकदा कानावर आलं की ऐकलं नाय असं म्हणता येत नाय.”

“मला अभ्यास करायचाय. कान लावून कोण बसतंय!”

“बघ हां,” म्हणून खालांनी हातातली वाटी ओट्यावर ठेवली. वाटी मधुराचीच होती; चार दिवसांपूर्वी तिच्यातून चिवडा गेला होता. आज तिच्यातून सांदणं आली होती. खाला तळमजल्यावर राहत. रत्नागिरी सोडून त्यांना जितकी वर्षं झाली होती, तितकं मधुराचं वयही नव्हतं. रिकामी वाटी परत करणं त्यांना जमत नसे.

नवऱ्याच्या, कौशिकच्या नोकरीमागे मधुरा कतारला, दोह्याला आली आणि नुसतं घरी बसायचं नाही म्हणून तिथल्याच विद्यापीठात मास्टर्सला बसली. लेक आर्या शाळेतून येईपर्यंतचा वेळ तिचा. अल मुंतझा भागातल्या या जुन्या इमारतीतल्या त्यांच्या घरात एसी असलेली एकच खोली होती, आणि तिथे बसलं की झोप यायची. ऑक्टोबर सरत आल्यावर तिने टेबल ओढत स्वयंपाकघरात, डक्टाच्या खिडकीखाली आणलं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिथे लिहायचं, असं ठरलं.

ते दिवस तिला आवडायचे. सकाळी खाली उभ्या गाड्यांच्या काचांवर दव दिसे. दोरीवरचा टॉवेल हाताला पोळत नसे. संध्याकाळी बागेत लोक सतरंज्या घेऊन येत आणि आर्या घसरगुंडीच्या पत्र्याला हात लावून पाही, की आज बसता येईल का. कागदी पेल्यातला कडक चहा गाडीत बसून न पिता बाहेर उभं राहून पिता येई. आणि सगळ्यात मोठं सुख नळाचं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापत, की गार नळाला हात लावायची सोय नसे. सगळे जण गीझर बंद ठेवून त्यातलं सावलीतलं पाणी वापरत. गरम नळ गार आणि गार नळ गरम, असा उलटा कारभार. मग एका सकाळी गार नळ खरोखर गार येई. त्या दिवशी मधुरा नळाखाली मनगटं धरून उगीचच उभी राहिली.

“पुण्यात असतीस तर याच्यासाठी पाच मिनिटं उठून उभी राहिली असतीस का?” कौशिकने विचारलं.

“पुण्यात गार नळ गारच असतो.”

डक्टातले एसी एकेक करून थांबले. मग खरंच ऐकू यायला लागलं. कुणाचा मिक्सर, कुणाची शिंक, कुणाच्या पाढ्यांची घोकंपट्टी. मधुराला त्याचा त्रास होत नव्हता. त्रास होता तो एकाच एसीचा. समोरच्या खिडकीतला तो एसी दिवसरात्र चालूच होता. सगळं निवांत झाल्यावर त्याची घरघर दुप्पट वाटायची. एक वाक्य लिहावं आणि ती घरघर ऐकत बसावं, असं व्हायला लागलं.

समोर शफा राहत होती. रायगडकडची, विशीतली. तिचा नवरा तनवीर उत्तरेला अल रुवैसच्या बंदरावर कामाला; तिथेच राहायचा आणि शुक्रवारच्या सुट्टीला घरी यायचा. ऑगस्टमध्ये लिफ्टमध्ये भेटली, तेव्हा तिच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ होतं.

“रात्री झोपू देतं का?” मधुराने विचारलं होतं.

“एकदम शांत आहे, ताई. आहे की नाही तेही कळत नाही.”

मधुराला तेव्हा हेवा वाटला होता. आर्याने पहिले कित्येक महिने सगळं घर डोक्यावर घेतलं होतं.

सोमवारी तिने इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. कुणाचं नाव घेतलं नाही. हवा छान झाली आहे, शक्य असेल तर डक्टाकडचे एसी बंद ठेवावेत, मुलांच्या आणि मोठ्यांच्याही परीक्षा आहेत. खाली दोन हात जोडले. कुणीतरी अंगठा दिला.

दुपारी समोरचा एसी थांबला. मधुराने खुर्चीत मान मागे टाकली. इतकी शांतता होती, की फ्रिजवरचं घड्याळ ऐकू येत होतं. तिने दोन पानं लिहिली.

मग समोर नळ सुटला. पूर्ण सोडलेला. बराच वेळ वाहिला, बंद झाला, पुन्हा सुटला. आर्या शाळेतून आली, जेवली, रंगवायला बसली, तरी तेच.

“ममा, समवन फरगॉट द टॅप.”

“करतील बंद. तू रंगव.”

संध्याकाळी कौशिक आला तेव्हाही पाणी वाहत होतं.

“अगं, गार पाणी आलंय. लोक मजा करतायत,” तो बूट काढत म्हणाला. “तूच नव्हतीस का त्या दिवशी उभी?”

मधुरा हसली. चहाचं आधण ठेवायला तिने आपला नळ सोडला. पातेलं भरलं, वरून सांडायला लागलं, तरी तिचा हात तिथेच होता. पुण्याच्या घरी आर्या दोन महिन्यांची असताना ती न्हाणीघरात जाऊन बादलीत नळ सोडायची आणि त्या आवाजात रडून घ्यायची. बादली भरली की ओतायची, पुन्हा भरायची. सासूबाई बाहेर कौतुकाने सांगायच्या, आमच्या मधुराला आंघोळीची भारी हौस.

तिने नळ बंद केला. समोरचा चालूच होता. तो बंद झाला, की पुढचा सुटेपर्यंतच्या फटीत बाळाचा बारीक आवाज येत होता. आणि दुसराही एक आवाज येत होता, तो बाळाचा नव्हता.

“आर्याकडे बघ,” ती म्हणाली.

“कुठे निघालीस? चहा?”

“येते.”

तिने बेल वाजवली. आतला नळ थांबला. बऱ्याच वेळाने दार साखळीपुरतं उघडलं. शफाची बाही कोपरापर्यंत भिजली होती. तोंड धुतलेलं होतं. डोळे धुवून लपण्यासारखे नव्हते.

“सॉरी ताई. एसी मी लगेच बंद केला. पाण्याचा आवाज होतो का? बंद करते. याला मी आतल्या बाथरूममध्ये घेऊन बसते, दार लावून. तिकडे बिलकुल ऐकू येणार नाही.”

“मी तक्रार घेऊन नाही आले.”

“मेसेज तुमचाच होता ना?”

“हो. माझाच होता.”

आत बाळ रडत होतं.

“इतके दिवस त्या एसीखाली तुझ्याकडचं काहीच ऐकू आलं नाही,” मधुरा म्हणाली. “म्हणून आले.”

“सगळं छान आहे, ताई. खरंच. ते येतील गुरुवारी.”

“बरं.”

पण मधुरा तिथेच उभी राहिली. जिन्यातला दिवा आपोआप विझला. तिने हात हलवून तो पुन्हा लावला. मग साखळी निघाली.

बाळाला आधी मधुराने घेतलं आणि नंतर, फोन केल्यावर धापा टाकत वर आलेल्या खतिजाखालांनी. त्यांनी त्याला पालथं घालून पाठ थोपटली आणि शफाला दरडावलं, “जा, झोप जा. उठवायला येईन तेव्हाच उठ.” शफाच्या खिडकीची पट्टी कुणी काढलीच नव्हती. मधुराने टोक शोधलं. ती इथेही तुकड्यातुकड्यांनीच निघाली.

“मी सांगितलं होतं ना तुला,” खाला पाठीमागून म्हणाल्या. “अभ्यास होणार नाय म्हणून.”

दुसरं प्रकरण उशिरा गेलं. जूनमध्ये कौशिकचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मधुराचं घर पुण्याला हललं. खालाही आता मुलाकडे कुवेतला गेल्या आहेत. शफा मेसेजवर सगळं छान असल्याचं कळवते, बाळाचे फोटो पाठवते. तनवीर अजून रुवैसलाच आहे.

तुमच्यापैकी कुणी अल मुंतझाकडे राहत असेल, तर बागेच्या मागच्या गल्लीत ती जुनी पिवळी इमारत आहे, तिसरा मजला. ऑक्टोबर सरला, की डक्टात डोकावून शफाची खिडकी उघडी आहे का, तेवढं बघा. बंद असेल तर बेल वाजवा. ती म्हणेल, सगळं छान आहे. तरी जरा थांबा. साखळी निघायला वेळ लागतो.